हरवलेल्या भावावरचा सस्पेन्स: प्रेक्षकाला आधी सांगावं की शेवटपर्यंत लपवावं?

मिरजकर (मूळ प्रश्न)

नमस्कार मंडळी. एका मराठी सस्पेन्स चित्रपटाची पटकथा लिहितोय. दुसरा खर्डा चालू आहे आणि बरोबर मध्यावर अडकलोय.

गोष्ट मिरजेतली. शिकलगार हे मुस्लिम कुटुंब, पिढ्यान्‌पिढ्या सतारी आणि तंबोरे करणारं. वडील गेलेत. थोरला भाऊ कारखाना बघतो, धाकटी बहीण हिशेब आणि गिऱ्हाइकं सांभाळते. घरात आई, भाभी आणि भावाचा लहान मुलगा. नोव्हेंबर २०१९ मध्ये भाऊ नेहमीसारखा भोपळे बघायला पंढरपूर-मंगळवेढ्याच्या बाजूला जातो. मिरजेहून रेल्वेनं निघतो, सांगोल्याला उतरतो, तिथून बहिणीला फोन करतो: ‘माल चांगला दिसतोय, दोन दिवसांत येतो.’ त्यानंतर फोन बंद. माणूस नाही, भोपळे नाहीत, सोबत नेलेली रोख रक्कमही नाही.

चित्रपट सुरू होतो २०२४ मध्ये. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालंय, गल्लीत पेढे वाटले जातायत, आणि त्याच आठवड्यात पुण्यातल्या एका दुकानात बहिणीच्या हाताला एक नवा तंबोरा लागतो. तारा छेडल्या छेडल्या ती थांबते. जवारी, म्हणजे तारा टेकतात ती घोडी घासून आवाजात आणलेला गुंजारव, भावाच्या हाताची आहे.

आता माझे प्रश्न.

माझ्या खर्ड्यात भावाचा त्याच रात्री पैशासाठी खून झालेला आहे आणि प्रेक्षकाला ते अगदी शेवटी कळतं. दिग्दर्शक मित्र म्हणतो, मध्यंतरालाच सांगून टाक. मला ते पटत नाही. सांगितल्यावर राहिलं काय?

दुसरं, पोलीस ठाण्यात ‘चोवीस तास थांबा, मग तक्रार घेऊ’ असा प्रसंग लिहिलाय. प्रत्यक्षात असंच होतं का?

हे माझं गाव आहे आणि ही माणसं मी लहानपणापासून बघत आलोय. त्यांच्यावर खोटा चित्रपट होऊ नये, म्हणून विचारतोय.

---

रिळावरचा, नाशिक

तुमच्या मित्राच्या बाजूनं बोलतो. त्यासाठी हिचकॉकचा १९६० चा ‘सायको’ घेतो. ज्यांनी पाहिला नसेल त्यांनी इथेच थांबावं, कारण पुढे सगळं उघड करतोय.

लोकांच्या लक्षात राहतो तो न्हाणीघरातला खून. पण त्यानंतर अर्ध्याहून जास्त चित्रपट उरतो, आणि तो हरवलेल्या बहिणीच्या शोधाचा आहे. मॅरियन क्रेन फिनिक्समधून मालकानं बँकेत भरायला दिलेले ४०,००० डॉलर घेऊन पळते, वाटेत बेट्स मोटेलमध्ये उतरते आणि मारली जाते. मोटेल चालवणारा नॉर्मन तिचं प्रेत आणि गाडी मागच्या दलदलीत बुडवतो. पैसे वर्तमानपत्रात गुंडाळलेले. त्यालाही पत्ता नाही, तेही गाडीबरोबर तळाशी जातात. त्यानंतर तिची बहीण लायला मॅरियनचा प्रियकर सॅम याच्या दुकानात येते आणि विचारते, माझी बहीण कुठाय?

त्या क्षणी आपल्याला सगळं माहीत आहे आणि लायलाला काहीच नाही. म्हणूनच ती टेकडीवरच्या घराकडे एकटी चालत जाते तेव्हा जीव वर येतो. एकदा घर दिसतं, एकदा तिचा चेहरा, पुन्हा घर, पुन्हा चेहरा. बहीण गेली हे कळल्यावर चित्रपट संपायला हवा होता. उलट तिथूनच तो अंगावर यायला लागतो. हिचकॉकनं फ्रेंच दिग्दर्शक त्रुफोशी झालेल्या गप्पांत टेबलाखालच्या बाँबचं उदाहरण दिलंय. बाँब अचानक फुटला तर प्रेक्षक काही सेकंद दचकतो. बाँब आहे हे प्रेक्षकाला माहीत असेल आणि टेबलावरच्यांना नसेल, तर त्यांच्या साध्या गप्पासुद्धा ऐकवत नाहीत.

पण मला ‘सायको’मध्ये याहून मोठी वाटते ती दुसरी गोष्ट. शोधणारे सगळे चुकीची गोष्ट शोधतायत. खासगी गुप्तहेर पैशांच्या मागावर आहे. सॅम आणि लायला यांची खात्री की नॉर्मननं ४०,००० साठीच काहीतरी केलं. पैशांशी नॉर्मनचा काडीचा संबंध नाही. आपण ते जाणतो आणि त्यांना सांगू शकत नाही.

आणखी एक बारीक जागा बघा. मॅरियननं ४०,००० मधून गाडीचे ७०० वजा करून पाहिले होते आणि तो कागद फाडून संडासात टाकला होता. त्याचा एक कपटा वाहून जायचा राहतो. तो सापडतो लायलाला. शेरीफला नाही, गुप्तहेरालाही नाही. तुमचा जवारीचा प्रसंग याच जातीचा आहे. तो कुठल्याही परिस्थितीत सोडू नका.

थोडक्यात माझं उत्तर: भाऊ मेलाय हे चाळिसाव्या मिनिटाला सांगा. कुणी मारला ते मागे ठेवा.

---

खुंटी, मिरज

फक्त जवारीबद्दल बोलतो, कारण घरातलाच विषय आहे.

जवारी हातावर ओळखता येते, हे खरं. पण जवारी कायम राहत नाही. तारा घासून घोडीवर चरे पडतात आणि वाजवून वाजवून आवाज बदलतो, मग जवारी पुन्हा काढून घ्यावी लागते. म्हणजे २०२४ मध्ये वाजणारी जवारी भावाची असली, तर त्याचे दोनच अर्थ निघतात. एक, वाद्य २०१९ चं आहे आणि तसंच न वाजवता पडून होतं. दोन, भावानं ती अलीकडे काढली. तंबोऱ्याला तर तारेखालचं सूत किंचित सरकलं तरी बोलणं बदलतं, त्यामुळे बहिणीला आधी सूत लावून बघावं लागेल. हा प्रसंग घाईनं उरकू नका. ती सूत वर-खाली सरकवत नेमक्या जागेवर आणते आणि आवाज उघडतो, एवढं जरी दाखवलं तरी गल्लीतल्या माणसाच्या अंगावर काटा येईल.

दुसरी खूण हवी असेल तर नक्षी घ्या. भोपळा आणि दांडी जुळते तिथं पानं कोरतात. प्रत्येक हाताचं पान वेगळं, आणि ते जवारीसारखं कुणी नंतर बदलत नाही. पान सांगेल की वाद्य त्याचं आहे. जवारी सांगेल की तो अजून काम करतोय. तुमच्या गोष्टीत भाऊ मेलेला आहे, तेव्हा या दुसऱ्या गोष्टीचं तुम्ही काय करणार, ते बघा.

---

निवृत्त सहायक फौजदार, सोलापूर

मिरजकर, तुम्ही विचारलंत हे बरं केलंत. पोलीस ठाण्याचे प्रसंग बहुतेक लोक चित्रपट बघूनच लिहितात. माझ्या नोकरीचा बराच काळ ठाणे अंमलदाराच्या टेबलावर गेलाय, मिसिंगच्या नोंदी भरपूर लिहिल्यात.

चोवीस तास थांबा असा कायदा कुठेही नाही. काही ठिकाणी बोलून दाखवतात, नातेवाइकांकडे आधी चौकशी करा म्हणतात, हे होतं. प्रसंग ठेवायचा तर त्या एका माणसाची वागणूक म्हणून ठेवा, नियम म्हणून नको. बहीण अडून बसली की नोंद घ्यावी लागते.

आता नोंद कसली, ते नीट समजून घ्या. अठरा वर्षांखालचं मूल हरवलं तर अपहरणाचाच गुन्हा दाखल होतो. सर्वोच्च न्यायालयाचा २०१३ चा तसा आदेश आहे. सज्ञान माणूस हरवला तर मिसिंग रजिस्टरला नोंद होते आणि तो गुन्हा नसतो. तुमच्या अख्ख्या गोष्टीचा ताण इथं आहे. गुन्हा नाही म्हणजे आरोपी नाही, अटक नाही, कोर्टाची तारीख नाही. एक अंमलदार, त्याच्याकडे इतर दहा कामं, आणि त्यातच ही शोधपत्रिका. बहिणीची पहिली लढाई मिसिंगचा गुन्हा करून घेण्याची असेल. त्यासाठी तिला घातपाताचा संशय येण्यासारखं काहीतरी हातात आणावं लागेल.

हद्दीचा घोळ तुमच्या गोष्टीत आयता आहे. घर मिरजेत, म्हणजे सांगली जिल्हा. शेवटचा फोन सांगोल्याहून, म्हणजे सोलापूर ग्रामीण. गाडीत काही झालं असेल तर लोहमार्ग पोलीस. तीन दारं, आणि प्रत्येक दार दुसऱ्याकडे बोट दाखवू शकतं. इथं पोलीस वाईट दाखवायची गरज नाही. तिघंही आपापल्या परीनं बरोबर असतात.

अंमलदार काय विचारतो? अंगावर कपडे काय होते, पायात काय होतं, खूण, तीळ, जुनी जखम, फोटो. मग कर्ज किती, दारू पितो का, बायकोशी पटतं का, बाहेर काही होतं का. आणि मग बहिणीकडे बघून विचारतो, कारखाना आता कुणाच्या ताब्यात आहे? हा प्रश्न मी स्वतः विचारलेला आहे, विचारावाच लागतो. जी तक्रार द्यायला येते तिच्यावरच पहिली नजर जाते. तुमच्या खर्ड्यात हे दिसलं नाही. ते आणा.

मोबाइलचा तपशील: गोष्ट २०१९ ची आहे. त्या वेळी कंपन्यांना कॉलचा तपशील एक वर्ष जपायची अट होती, डिसेंबर २०२१ मध्ये ती दोन वर्षांची झाली. म्हणजे नोव्हेंबर २०२० उलटला की सांगोल्याचा टॉवर, शेवटचे नंबर, सगळं जाऊ शकतं. आणि मधे काय आलं? मार्च २०२० चा लॉकडाऊन. आम्ही सगळे नाक्यांवर उभे होतो. मिसिंगची कागदं टेबलावर राहिली. गाड्या बंद, जिल्ह्याच्या सीमा बंद. बहिणीला मिरजेहून सांगोल्याला जायलासुद्धा पास लागला असता. त्या वर्षी आषाढीची वारीही नेहमीसारखी झाली नाही, पालख्या बसनं पंढरपूरला गेल्या. एरवी घर सोडलेला माणूस बघायला लोक आषाढीत पंढरपुरात हमखास येतात, हातात फोटो घेऊन. तीही वाट त्या वर्षी आणि पुढच्या वर्षी बंद होती. ती घड्याळाशी झगडतेय आणि घड्याळ कुणासाठी थांबलेलं नाही, असं दाखवायचं असेल तर हे वर्ष उडी मारून पुढे जाऊ नका.

अनोळखी मयताचं सांगतो. प्रेत सापडलं की अकस्मात मृत्यूची नोंद होते, तेव्हा दंड प्रक्रिया संहितेचं कलम १७४ होतं, आता नागरिक सुरक्षा संहितेचं १९४. पंचनामा, शवविच्छेदन, शवागारात काही दिवस वाट, कुणी आलं नाही तर अंत्यसंस्कार. फोटो आणि कपडे जपतात. नातेवाइकांना फोटो दाखवावे लागतात. हे काम मला कधीच सवयीचं झालं नाही. बघणारा आधी चेहऱ्याकडे बघत नाही, शर्टाकडे बघतो. बहिणीला तसंच बघायला लावा. डीएनए लागलाच तर बहिणीपेक्षा त्याच्या मुलाचा किंवा आईचा नमुना जास्त खात्रीचा, भावंडांचा तेवढा ठाम जुळत नाही. म्हणजे त्या लहान पोराचं रक्त घ्यायला लागेल, आणि त्याला काय सांगायचं हे भाभीला ठरवावं लागेल.

शेवटचं, आणि हे कुठल्याच चित्रपटात बघितलं नाही. सज्ञान माणूस जिवंत सापडतो आणि म्हणतो, मला घरी जायचं नाही, पत्ता कळवू नका. अशा वेळी आम्ही त्याचा जबाब घेतो आणि घरच्यांना एवढंच सांगतो, सुखरूप आहे, त्याची यायची इच्छा नाही. त्याला ओढून आणायचा अधिकार आम्हाला नाही. समोर आई रडत असते आणि पत्ता आपल्या खिशात असतो.

---

नीरा, कराडजवळून

मी सहसा इथं फक्त वाचते. आज लिहितेय, कारण माझा भाऊ हरवलेला आहे आणि अजून सापडलेला नाही.

रिळावरचा यांचं सगळं वाचलं. शास्त्र म्हणून ते बरोबर असेल. पण मिरजकर दादा, तुमची दोन्ही उत्तरं, मध्यंतराला मेलेला किंवा शेवटी मेलेला, मला एकच वाटतात. दोन्हीत प्रेक्षक घरी जाताना भावाचं काय झालं ते घेऊन जातो. आम्हाला ते मिळत नाही.

मग आमच्याकडे काय असतं, ते सांगते. उपयोगी पडलं तर घ्या.

फोन नंबर. भाऊ गेल्यावर मी त्याच्या नंबरवर रिचार्ज मारत राहिले. मला वाटायचं, पैसे भरले की नंबर त्याचाच राहील. पण नंबर वापरात नसला की तो बंद होतो आणि काही काळानं दुसऱ्याला मिळतो. एक दिवस व्हॉट्सॲपवर त्या नंबरला फोटो आला. काळजात धस्स झालं. उघडून बघितलं तर कुणी दुसरंच कुटुंब, लहान मुलीच्या वाढदिवसाचं. मी त्या माणसाला फोन केला. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, ताई, तुमच्या भावाला विचारणारे फोन अजून येतात, मी सगळ्यांना सांगतो की हा नंबर आता माझा आहे. त्याच्याकडून मला कळलं की भावाला अजून कोण कोण फोन करतं. त्यातलं एक नाव आम्हाला कुणालाच माहीत नव्हतं. तुम्हाला सस्पेन्स हवाय ना?

खोटे फोन. भावाचा फोटो आम्ही गावागावांतल्या ग्रुपवर टाकला आणि पाठोपाठ माणसं आली. एक म्हणाला, तो इस्पितळात आहे, पाच हजार पाठवा. वडिलांनी पाठवले. मला राग आला नाही, कारण पाठवले नसते तर आम्ही आयुष्यभर विचार करत बसलो असतो.

जमीन. सातबाऱ्यावर त्याचं नाव आहे. वडिलांना औषधपाण्यासाठी तुकडा विकायचा होता, पण सही कोण करणार? तो मेलेला नाही म्हणून वारसनोंद होत नाही आणि हजर नाही म्हणून सही होत नाही. माझ्या लग्नात पत्रिकेवर त्याचं नाव निमंत्रकांत घालायचं की नाही यावरून घरात आठ दिवस कुणी कुणाशी बोललं नाही. शेवटी आईनं छापखान्यात स्वतः जाऊन घालून घेतलं.

आणि विधी. आमचे गुरुजी म्हणाले, बारा वर्षं काहीच कळलं नाही तर पालाशविधी करतात. पळसाच्या पानांची माणसाकृती करून तिला अग्नी देतात, मग सुतक, दहावं, तेरावं सगळं. वडिलांनी विचारलं, आणि नंतर तो आला तर? गुरुजींनी सांगितलं, तर त्याचे जन्मल्यापासूनचे संस्कार पुन्हा करावे लागतील, जातकर्मापासून. वडील उठले आणि म्हणाले, मग थांबूया. त्यानंतर आमच्याकडे तो विषय निघालेला नाही.

तुमच्या गोष्टीतलं कुटुंब मुस्लिम आहे, तिथं हे नसेल. पण त्यांचंही काही असेलच. ते शोधा.

फौजदार काका, तुम्ही शेवटी लिहिलंत ते मी पुन्हा पुन्हा वाचलं. ‘सुखरूप आहे, यायची इच्छा नाही’ एवढं जरी कुणी आम्हाला सांगितलं असतं, तरी मी त्या माणसाचे पाय धरले असते.

मिरजकर दादा, तुमच्या भावाला एवढ्यात मारू नका. आणि तो कोण होता ते आधी दाखवा. काय खायचा, कशावरून चिडायचा, बहिणीला काय म्हणून हाक मारायचा. हरवलेला माणूस म्हणजे नुसती हरवलेली वस्तू नाही.

---

मिरजकर

नीराताई, तुम्ही लिहिलंत त्याबद्दल आभार कसे मानू कळत नाही. तुमचं नाव, गाव, काहीच कुठे येणार नाही. पण नंबर घेणाऱ्या त्या माणसाचा प्रसंग वापरू का? तुमची हरकत असेल तर आत्ताच काढून टाकतो.

सगळ्यांचं वाचून रात्रभर विचार केला. खुंटी म्हणाले की जवारी त्याचीच असेल तर तो काम करतोय. फौजदार साहेब म्हणाले की जिवंत सापडलेला माणूस पत्ता कळवू नका म्हणू शकतो. मग असं केलं तर? भाऊ जिवंत आहे. २०२१ मध्ये तो एका पोलिसाला सापडला, जबाब दिला, घरी कळवू नका म्हणाला. प्रेक्षकाला हे चाळिसाव्या मिनिटाला दिसतं. बहिणीला दिसत नाही. ती त्याचा खुनी शोधतेय. रिळावरच्यांची अट पाळली जाते, ती चुकीची गोष्ट शोधतेय आणि आपल्याला माहीत आहे. आणि कुणी मेलेलं नाही.

पण मग बहिणीला निरोप का मिळाला नाही? आणि तिला शेवटी कळणार कसं?

---

नीरा, कराडजवळून

वापरा. फक्त तो माणूस चांगला दाखवा. तो चांगलाच होता.

---

रिळावरचा, नाशिक

नीराताईंच्या बोलण्यानंतर माझा ‘कुणी मारला’चा आग्रह मी सोडतो. मिरजकरांची नवी मांडणी जास्त ताकदीची आहे. पण आता सगळा भार एकाच गोष्टीवर येतो: तो का गेला? साडेचार-पाच वर्षं आईला, लेकराला न कळवण्याएवढं कारण हवं. कर्ज पुरणार नाही. कर्जाला बहीण धावून आली असती. असं काहीतरी हवं, जे बहिणीलाच कळू नये म्हणून तो गेला.

---

वकील, सांगली

कायद्याच्या बाजूनं तुम्हाला उत्तर देतो, कारण तुम्ही विचारलेले दोन्ही प्रश्न कागदावरच सुटतात.

आधी भाभी. सात वर्षं माहिती नसेल तर मृत्यूचं गृहीतक, हे पुराव्याच्या कायद्यातलं जुनं कलम १०८, आताच्या साक्ष्य अधिनियमात १११. पण मुस्लिम पत्नीसाठी १९३९ चा विवाहविच्छेद कायदा आहे. पतीचा ठावठिकाणा चार वर्षं माहीत नसेल तर ती कोर्टात विवाह मोडून मागू शकते. म्हणजे नोव्हेंबर २०१९ च्या बेपत्ता माणसासाठी नोव्हेंबर २०२३. तुमचा चित्रपट २०२४ मध्ये सुरू होतो, हे फार सोयीचं आहे. या कारणावरचा हुकूमनामा सहा महिने अमलात येत नाही. त्या सहा महिन्यांत पती स्वतः किंवा प्रतिनिधीमार्फत हजर झाला आणि संसार करायला तयार आहे अशी कोर्टाची खात्री पटली, तर हुकूमनामा रद्द होतो. दाव्याची नोटीस पतीच्या वारसांनाही द्यावी लागते. म्हणजे आईच्या हातात कागद येतो. सासू-सुनेचा प्रसंग तुम्हीच लिहा. पण भाभीला खलनायिका करू नका. तिनं चार वर्षं थांबून दाखवलंय.

विम्याचाही धागा आहे. सात वर्षांचं गृहीतक फक्त मृत्यूचं असतं, तारखेचं नसतं. सर्वोच्च न्यायालयानं २००४ मध्ये एलआयसीच्याच एका खटल्यात ते स्पष्ट केलंय. भाऊ नाहीसा झाला त्या दिवशीच वारला, असं आपोआप मानत नाहीत, त्यामुळे पॉलिसी चालू ठेवायची तर हप्ते भरत राहावे लागतात. हिशेब बघणारी बहीण ते भरत असणार. तिच्यावर संशय घ्यायला फौजदार साहेबांना आणखी एक कारण.

आता ‘तिला कळणार कसं’. बहीण माहितीच्या अधिकारात अर्ज करते: माझ्या भावाच्या मिसिंगचा तपास कुठवर आला, कागदपत्रांच्या प्रती द्या. माहिती अधिकाऱ्यासमोर फाइल आहे आणि फाइलमध्ये भावाचा जबाब. तो सरळ देता येत नाही. त्रयस्थ पक्षानं गोपनीय म्हणून दिलेली माहिती उघड करायचा विचार असेल, तर कलम ११ प्रमाणे अर्ज आल्यापासून पाच दिवसांत त्या त्रयस्थाला नोटीस जाते आणि म्हणणं मांडायला त्याला दहा दिवस मिळतात. म्हणजे ती नोटीस कुठल्यातरी गावात एका माणसाच्या हातात पडते, आणि त्याला कळतं की बहीण अजून शोधतेय.

तो हरकत घेतो. बहिणीला नकाराचं पत्र येतं: ‘मागितलेली माहिती त्रयस्थ पक्षाशी संबंधित असून त्यांनी ती देण्यास हरकत घेतली आहे.’ माहिती नाकारणाऱ्या अधिकाऱ्यानं नियम पाळलेला आहे. पण मेलेला माणूस हरकत घेत नाही.

निरोप का मिळाला नाही, याचं उत्तरही २०२१ मध्येच आहे. निरोप घेऊन जाणारा अंमलदार कोरोनाच्या लाटेत वारला, असं तुम्ही लिहू शकता. तेव्हा पोलीस दलातली बरीच माणसं गेली.

---

निवृत्त सहायक फौजदार, सोलापूर

वकील साहेबांचं बरोबर आहे. आमच्याकडचीही माणसं गेली. त्या अंमलदाराला एक तरी प्रसंग द्या, ज्यात तो पत्ता लिहिलेली वही बंद करून कपाटात ठेवतो आणि म्हणतो, उद्या मिरजेला फोन लावतो. प्रेक्षकाला एवढं पुरे.

पत्रावर जावक क्रमांक आणि तारीख लिहायला विसरू नका. बहीण त्या तारखेवरून मागे मोजत जाईल.

---

मिरजकर

वकील साहेब, पत्र वाचूनच कळलं की हा प्रसंग चित्रपटाचा कणा आहे. जबाब घेणाऱ्या पोलिसाचा प्रसंग चाळिसाव्या मिनिटाला ठेवतो. कारणाचं काम बाकी आहे, रिळावरचा म्हणतात तसं. एक कल्पना आहे, पण ती कारखान्यातल्या जुन्या गोष्टीशी जोडलेली आहे आणि आधी खुंटी यांच्याशी बोलायला हवं. आता शंका एकच: हे पत्र मध्यंतराआधी आणू की नंतर?

---

रिळावरचा, नाशिक

आधी. ती पत्र दोनदा वाचते, जावक क्रमांकाची तारीख बघते, आणि तिथंच मध्यंतर करा. पुढचा अर्धा भाग ती खुनी शोधत नाही, भावाला शोधते. आणि तो तिला टाळत असतो.

---

खुंटी, मिरज

रविवारी दुकान बंद असतं. दुपारी या, बोलू.